बिनमुळाचं झाड

"काहून वं यमे, आज दगडाचीच भाकर का?"

मावशी पडवीत आली ती हे म्हणतच. मी मांडी घालून बसले होते. पुढ्यात जाड काच, काचेवर पाण्यात कालवलेली करडी भुकटी आणि बोटांखाली काचपट्टीवर चिकटवलेला दगडाचा एक काप. इंग्रजी आठचा आकडा गिरवावा तसा हात फिरवत राहायचं. दगड झिजत जातो, कागदाहून पातळ होतो आणि मग एका क्षणी त्याच्यातून उजेड आरपार येतो. तिथं थांबायचं असतं. जरा पुढं गेलं की काचेवर काहीच उरत नाही.

"भाकर नाही मावशी, पापड म्हणा. पातळ व्हायला पाहिजे."

"मंग तेल लाव नं बोटाले," असं म्हणून ती स्वतःच हसली आणि माझ्या बाजूला फतकल मारून बसली. मे महिना होता. वाळ्याच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलेलं होतं, त्यांचा वास घरभर होता. काचेवरच्या घासण्याला एक लय असते. जात्याची सवय असलेल्या बाईला ती लागलीच सापडते. मावशीनं डोळे मिटले आणि सूर लावला.

"दगड दळू दळू, पीठ पान्यासंगं गेलं,
अक्काच्या डोळ्याम्होरं जुनं रान उभं ठेलं."

"वच्छले," आतून आवाज आला, "तुझ्या गाण्यानं तिचा हात वाहवत जाईल. काप फुकट गेला तर दुसरा दगड नाही माझ्याकडं."

"नाई जात वाहून. तू पानी पेली का?"

 मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली, माठातून ग्लास भरला आणि मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर अनसूया घाटोळे, आमच्या मॅडम, यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढत नसत. मावशी बोलत नसे, नुसती ग्लास धरून उभी राहायची. शेवटी मॅडम एका हातानं ग्लास घेऊन, डोळा भिंगावरच ठेवून, गटागटा पाणी पिऊन टाकत. मग मावशी पुन्हा ग्लास भरून, त्यावर वाटी पालथी घालून, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवी. मॅडमना तहान लागते हे मॅडमनाच कळत नसे. हे मी नागपूरच्या त्या घरात संशोधनाला यायला लागले तेव्हापासून बघत होते.

संध्याकाळी उलटं होई. चहा मॅडम करत. त्यांना येणारा तेवढा एकच पदार्थ. मावशीच्या कपात साखर ओतत नि कप तिच्या हातात देऊन, दिवसभर भिंगाखाली काय दिसलं ते सांगत बसत. मावशीची शाळा चौथीतच सुटली होती. लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला आणि ती थोरल्या बहिणीकडं, मॅडमकडं आली, ती तिथलीच झाली. मॅडमनी लग्न केलं नाही. चहा पिता पिता ऐकलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मावशीच्या ओवीत उतरायचं.

त्या दिवशी पाणी देतादेताच मावशीनं मॅडमना विचारलं, "त्या दगडात काय आहे म्हनते वं अक्का, झाडच नं?"

"झाडच. जमिनीवर आलेल्या पहिल्या झाडांपैकी. स्कॉटलंडच्या एका गरम झऱ्याकाठी होतं, झऱ्याच्या पाण्यानं जागच्या जागी गारगोटी झाली त्याची. पण झाड म्हणजे तुझ्या डोळ्यापुढं येतं तसं नाही. पान नाही, फूल नाही, मूळही नाही. नुसत्या हिरव्या काड्या."

"मूळच नाई?"

"नाही."

"मंग पानी कोन पाजे त्याले?"

मॅडमनी चष्मा पुसला. "कुणी नाही. जगलं तेवढं जगलं. मग बुरशी शिरली आत आणि खाऊन टाकलं. ती बुरशीसुद्धा दिसते दगडात, धागा न् धागा दिसतो. त्यावरच तर माझा निबंध आहे."

"बाप्पा!" मावशीनं पदर तोंडाला लावला. "कोट्यानुकोटी वर्सं झाली, तरी चोर पकडला म्हना की."

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

त्यांचा तो निबंध मला पाठ होता. त्या जुन्या खोडाचे त्यांनी स्वतः आडवे काप घेतले होते, काकडीच्या चकत्या कराव्या तसे. प्रत्येक चकतीत तेच दिसे. पेशी फाटलेल्या, भिंती कोसळलेल्या आणि त्यांच्यात बुरशीच्या काळ्या दोऱ्यांचा गुंता. मॅडमचा निष्कर्ष स्वच्छ होता. बुरशी आत आली ती खायला आली. माझा प्रबंध त्याच वाटेनं पुढं जाणार होता. मूळ दगडापैकी आता सुपारीएवढा तुकडा तेवढा उरला होता, मॅडमच्या टेबलाच्या खणात, कापसात ठेवलेला. मी एकदा म्हटलं होतं, याचा उभा काप घेऊन बघू का? त्या म्हणाल्या होत्या, "उभ्या कापाला एकच संधी मिळेल. चुकलीस तर सगळंच गेलं. राहू दे."

त्याच दुपारी वरूडहून दिगंबर आला. मॅडमचा भाचा, भावाचा मुलगा. संत्र्याची बाग होती त्याची. रापलेला, मोठ्या आवाजाचा, मनानं साधा माणूस. त्याची आई लहानपणीच गेली, तेव्हा मावशीनं काही वर्षं त्याला या घरात सांभाळलं होतं. आला की तो मॅडमच्या पाया पडे नि मावशीच्या गळ्यात पडे.

"लहानी आत्या, चल. जीप घेऊनच आलो. आता घर बांधून झालं. सुनबाईचे दिवस भरत आले, घरात एक मोठं माणूस पाहिजे."

"अन् अथी कोन राहीन? अक्काले कोन पाहीन?"

"मोठ्या आत्याला काय पाहायचंय? त्या शिकलेल्या आहेत."

"शिकली म्हनून काय झालं? तिले वरन लावता येत नाई."

"तेच तर!" दिगंबरचा आवाज चढला. मग त्यानं मॅडमकडं बघितलं, आणि जे बरेच दिवस गिळून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. "मोठी आत्या, राग नका मानू. पण गावात लोकं काय बोलतात ठाऊक आहे तुम्हाला? म्हणतात, शिकल्या बहिणीनं अडाणी बहिणीचा जन्म खाल्ला. तुमचा स्वयंपाक, तुमचं धुणं, तुमचं पाणी. तिचं स्वतःचं काय झालं या घरात?"

"दिग्या!" मावशी ओरडली. "थोबाडीत देईन एक. कोनं सांगतलं तुले? मीच तिचं खाऊन राहिली इतकी वर्सं."

 मॅडमनी मान खाली घातली, जशी एखादा पुरावा समोर आला की घालत. वाद घालायचा नाही, आधी नीट बघायचं, ही त्यांची सवय. त्या मावशीच्या हातांकडं बघत होत्या. राखेनं नि सोड्यानं चिरलेल्या बोटांकडं, उकळत्या पाण्यानं पडलेल्या मनगटावरच्या डागाकडं. मी त्यांना चकतीकडं असं बघताना पाहिलं होतं.

दिवेलागणीला दिगंबर गाडीत हवा भरायला गेला. मावशी कणीक मळत होती. मॅडम स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी चहा केला नव्हता.

"वच्छले, तू जा त्याच्याबरोबर."

"जाईन नं. सुनेचं बाळंतपन करून येईन महिन्याभरानं."

"तसं नाही. कायमची जा. तिथं लेकरू येणार आहे. माणसं आहेत. तुझं घर म्हणून राहशील."

मावशीचे हात कणकेत थांबले. "अन् हे कोनाचं घर आहे?"

"माझं," मॅडम म्हणाल्या.

मी पडवीत काच पुसत होते, तो फडका माझ्या हातात तसाच राहिला.

"तुले नको झाली का मी?"

मॅडमनी चौकट धरली होती. 'हो' म्हटल्याशिवाय ती जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. सबंध जन्मात त्या बाईला खोटं बोलण्याचा सराव नव्हता. पण त्या बोलल्या, आणि एखादी नोंद वाचावी तशा आवाजात बोलल्या.

"हो. नको झालीस."

मावशीनं कणीक झाकून ठेवली. हात धुतले. पुष्कळ वेळ धूत होती.

सकाळी जीप निघाली तेव्हा मॅडम आतच होत्या, भिंगाला डोळा लावून. बघायला खाली काहीही ठेवलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मावशीनं माठ काठोकाठ भरला. वाटी पालथी घालून ग्लास उजव्या कोपऱ्यात ठेवला. बहिणीच्या पाठीकडं एकदा बघून ती बाहेर आली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"यमे, तिले पानी पाजत जाजो वं. तिले आठवन राहत नाई."

"मावशी, मॅडमच्या मनात तसं नाही हो काही."

"मनातलं मले काय दिसते, बाई? मले ऐकू येते तेवढं समजते."

गाडी गेली. घरात कूलरची घरघर तेवढी राहिली. खूप वेळानं मॅडमनी खण उघडला आणि तो सुपारीएवढा तुकडा माझ्यापुढं ठेवला.

"घे. कसा पाहिजे तसा काप. आता कुणासाठी जपायचा?"

मी तो तुकडा उभा धरला. आधी जाड भुकटीवर एक बाजू सपाट केली, राळेनं काचपट्टीवर चिकटवली आणि दुसऱ्या बाजूनं घासायला बसले. तो दिवस तसा गेला आणि दुसऱ्या दिवसाचीही दुपार झाली. घासण्याला लय होती, सूर नव्हता. माझ्याच ओठांवर मावशीची ओवी यायची आणि मी ती गिळून टाकायची. हात भरून यायचा. पट्टी उजेडाकडं धरायची, अजून गढूळ. पुन्हा चार वेळा आठचा आकडा गिरवायचा. शेवटी मधासारखा रंग आला, पलीकडं खिडकीचे गज दिसले. मी थांबले.

भिंगाखाली ठेवली, आणि खालच्या टोकाशी मला मॅडमचा निबंध जसाच्या तसा दिसला. फाटलेल्या पेशी, काळा गुंता. मॅडमचे सगळे आडवे काप त्याच टोकाचे होते. मी पट्टी हळूहळू पुढं सरकवली. खोडाच्या लांबीनं, वर, वर. गुंता सुटत गेला. धागे सालीखालच्या एका अरुंद पट्ट्यात आले आणि तो पट्टा काही सोडेनात. पेशींच्या भिंती शाबूत होत्या. कुठं फाटलं नव्हतं, मोडलं नव्हतं. आणि प्रत्येक पेशीच्या आत त्या धाग्याला फांद्या फुटल्या होत्या, फांद्यांना फांद्या, इवलंसं झुडूप. एका घरात एक, शेजारच्यात एक, ओळीनं.

असं झुडूप मी आधी पाहिलेलं होतं. मॅडमनीच वर्गात दाखवलं होतं, ज्वारीच्या मुळात. बुरशी मातीत दूरवर पसरते, पाणी नि क्षार आणून पिकाला देते. पीक उन्हावर साखर करतं, ती तिला देतं. ही देवाणघेवाण त्या झुडपात होते आणि दोघंही जिवंत असतील तरच होते.

"मॅडम," मी म्हटलं.  "जरा बघता?"

त्या बसल्या. मी उभी. त्यांनी पट्टी खालून वर नेली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वर नेली.

"या पेशी जिवंत होत्या," त्या म्हणाल्या.

"हो."

"ती आत शिरली तेव्हासुद्धा."

"शिरल्यानंतरही, मॅडम. बराच काळ."

"मग मी इतकी वर्षं काय बघितलं?"

 त्यांनीच सांगितलं.

"टोक. मेल्यानंतर कुजलेलं टोक. त्याच्या चकत्या केल्या, नि तेच सगळं झाड समजले." त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "मूळ नव्हतं त्याला. पाणी कोण पाजत होतं, हे मला विचारलं होतं तिनं. मी म्हटलं, कुणी नाही."

उजव्या कोपऱ्यातला ग्लास आदल्या दिवशीपासून तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही वरूडला गेलो. मॅडमनी ती काचपट्टी रुमालात गुंडाळून हातातच धरली होती. वाटेत एका स्टँडवर मी रसाचा ग्लास आणला, तो त्यांनी घेतला नाही.

दिगंबरचं घर नवं होतं, चुन्याचा वास येत होता. मावशी अंगणात चुलीवर पाणी तापवत बसली होती. सून रात्रीच बाळंत झाली होती. मुलगी. आतून बारीक रडू ऐकू येत होतं. मावशीनं आम्हाला पाहिलं. उठली नाही.

"या. बसा. बाजेवर बसा."

"वच्छले, मी चुकले," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. "मला वाटलं, मी तुला खातेय. म्हणून बोलले तसं. पण तसं नसतं. हे बघ." त्यांनी रुमाल सोडला आणि ती पट्टी उन्हात धरली.

मावशीनं डोळे बारीक करून बघितलं. नुसत्या डोळ्यांना तिथं काय दिसणार? चहा सांडून वाळावा तेवढा एक डाग.

"काय आहे वं यात?"

"ती बुरशी... ती चोर नव्हती, वच्छले. तीच पाणी पाजत होती."

"अक्का," मावशी सावकाश म्हणाली, "तू आपली सोयरीक दगडात पाहाले गेली? मले नाई विचारलं?"

मॅडमचा हात खाली आला.

"चल घरी."

"आता अथची चूल माह्या हाती आली. बाळंतीन कच्ची आहे, लेकरू कालचं आहे." मावशीनं एक काटकी मोडून चुलीत सारली. "अन् अक्का, तू जाय म्हनलं तवा मी गेली. आता तू ये म्हनते तवा येऊ?"

बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तो उतरला तरी असता. दिगंबर दारात येऊन उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तो म्हणाला, "लहानी आत्या, जाय तू. मी पाहून घेतो अथचं." तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

मग ती उठली. माठातून ग्लास भरून आणला आणि बहिणीपुढं उभी राहिली, काही न बोलता. मॅडमनी तो घेतला. गटागटा प्यायल्या, थेंब न ठेवता. मावशीनं रिकामा ग्लास हातातून घेतला, पदरानं पुसला आणि आत निघून गेली. ती बाहेर येईल म्हणून आम्ही ऊन उतरेपर्यंत बाजेवर बसलो. आतून बाळाला न्हाऊ घालत असल्याचा आवाज येत होता. तिनं सूर लावला होता, शब्द कळत नव्हते.

मॅडमनी जुना निबंध खोडून काढणारं चार ओळींचंही टिपण लिहिलं नाही. मलाही लिहू दिलं नाही. "एका तुकड्यावर किती निष्कर्ष काढायचे?" म्हणाल्या. पुढं परदेशात लोकांनी चांगले मोठे दगड घेऊन हे सगळं पाहिलं, छापलं. आता ते पुस्तकात आहे. मी वेगळा विषय घेतला, पण त्या घरी जात राहिले. रोज ग्लास भरून, वाटी पालथी घालून उजव्या कोपऱ्यात ठेवायची. संध्याकाळी तो तसाच असायचा. मी आठवण करायची, त्या "हो हो" म्हणायच्या. ग्लास धरून त्यांच्यापुढं उभं राहणं मला कधी जमलं नाही. ती जागा माझी नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला त्यांना इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं थकली होती. तरुण डॉक्टर होता, मला म्हणाला, "या पाणी पीतच नव्हत्या का हो?" मी वरूडला तार केली. मावशी निघाली, पण ती पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर घर आवरायचं होतं. पुस्तकं, काचा, भुकटीचे डबे. मावशी दोन दिवस कशालाही हात न लावता पडवीत बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मॅडमच्या टेबलाशी आली.

"यमे, मले दाखव वं ते. अक्का दाखवत होती ते."

मी पट्टी लावली, आरसा उजेडाकडं वळवला. मावशी मॅडमच्या खुर्चीत बसली, भिंगाशी वाकली आणि लगेच मागं सरली.

"काहीच नाई दिसत. माह्याच पापन्या दिसते."

"दमानं बघा. डोळा मिचकावू नका. आधी पापण्याच दिसतात सगळ्यांना."

ती पुन्हा वाकली. मी चाक हळूच फिरवलं. एकाएकी तिचा श्वास थांबला आणि मला कळलं, दिसलं. मी काही समजावून सांगितलं नाही. ती बघत राहिली. डोळा भिंगावरून न काढता तिचा उजवा हात टेबलावर चाचपू लागला, कोपऱ्यापर्यंत गेला, तिथंच थोडा वेळ काहीतरी शोधत राहिला. तिथं काही नव्हतं. आवरताना ग्लास मीच उचलून ठेवला होता.

"यातली अक्का कोनती वं," मावशीनं विचारलं, "अन् मी कोनती?"

 मी ग्लास भरून आणायला स्वयंपाकघरात गेले, माठ उघडून पाहिला. माठ कोरडा होता.